आयकर विवरणपत्रे भरून देण्याचे काम घरबसल्या कसे शिकावे

तालुक्याच्या बाजारपेठेत ‘कर सल्लागार’ अशी पाटी लावलेल्या कार्यालयात जुलै महिन्यात टेबलामागे बसलेला माणूस दिवसभर नेमके काय करीत असतो, हे या व्यवसायात येऊ पाहणाऱ्याने आधी नीट पाहून घ्यावे. रकाने भरण्यात त्याचा फार थोडा वेळ जातो. समोर बसलेल्या गृहस्थांच्या फॉर्म १६ मधील, म्हणजे पगार आणि त्यातून कापलेला कर दाखवणाऱ्या दाखल्यातील, आकडा, बँकेने दिलेल्या व्याजाच्या दाखल्यातील आकडा आणि आयकर खात्याच्या संकेतस्थळावरील वार्षिक माहिती विवरणातील, म्हणजे एआयएसमधील, आकडा हे तिन्ही एकमेकांशी का जुळत नाहीत, हे शोधण्यात त्याचा दिवस जातो. हा मेळ घालण्याचे काम ऑनलाइन शिकता येते, आणि बरेचसे फुकटही शिकता येते. मात्र बहुतेकजण ज्या क्रमाने शिकायला बसतात तो क्रमच उलटा असतो: ते आधी एखादे सॉफ्टवेअर शिकतात, मग फॉर्म पाहतात आणि कायद्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

कायद्याने कोणाला काय करता येते

मोबदला घेऊन दुसऱ्याचे विवरणपत्र तयार करून देण्यासाठी आपल्याकडे स्वतंत्र परवाना किंवा परीक्षा सक्तीची नाही. विवरणपत्राची पडताळणी करदाता स्वतः करतो आणि त्यातील मजकुराची जबाबदारीही त्याच्याकडेच राहते. आयकर अधिकाऱ्यापुढे करदात्याच्या वतीने हजर राहणे ही मात्र वेगळी बाब आहे. १९६१ च्या कायद्यातील कलम २८८ नुसार हा अधिकार सनदी लेखापाल, वकील आणि नियमांत सांगितलेली पात्रता असलेल्या व्यक्तींना असतो, आणि त्या पात्रतेत वाणिज्य किंवा विधी शाखेची पदवी येते. म्हणून बारावीनंतर थेट या कामात उतरू पाहणाऱ्याला माझे सांगणे असे की, काम शिकत असतानाच बी.कॉम. पूर्ण करावे. दूरशिक्षणाने केलेली पदवीही चालते, आणि ती हातात नसली की नोटीस आल्यावर आपल्याच पक्षकाराला दुसऱ्याच्या दारात पाठवावे लागते.

कलम १३९बी अन्वये २००६ साली ‘टॅक्स रिटर्न प्रिपेअरर’ योजना निघाली. तिच्यात प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीला खात्याकडून प्रमाणपत्र मिळते. योजनेची नवी भरती जाहीर झाली तर अर्ज जरूर करावा, पण तिची वाट पाहत थांबू नये. लेखापरीक्षणाचा अहवाल देणे हे फक्त सनदी लेखापालाचे काम आहे. जीएसटी व्यावसायिकाची नोंदणी आणि परीक्षा आयकरापासून पूर्णपणे वेगळी असते. कोणत्याही ऑनलाइन अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र यांपैकी कोणताही अधिकार देत नाही, मग त्या प्रमाणपत्रावर कितीही मोठा शिक्का असो.

आधी कायद्याची चौकट, तीही कागद-पेन घेऊन

सध्या शिकणाऱ्यापुढे एक विचित्र अडचण आहे. आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला असून त्यात ५३६ कलमे आहेत. परंतु आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या उत्पन्नाचे विवरणपत्र १९६१ च्या कायद्याप्रमाणेच भरावे लागते, आणि मागील वर्षांच्या नोटिसाही जुन्याच कलमांच्या भाषेत येत राहणार आहेत. त्यामुळे काही वर्षे दोन्ही कायदे हाताशी ठेवावे लागतील. वहीच्या पहिल्याच पानावर दोन रकाने आखून जुने आणि नवे कलम समोरासमोर लिहीत जावे: ८०सी चे १२३ झाले, ११५बीएसी चे २०२ झाले, १३९ चे २६३ झाले. नव्या कायद्यात ‘मागील वर्ष’ आणि ‘कर निर्धारण वर्ष’ ही जोडी जाऊन एकच ‘कर वर्ष’ आले आहे. जुन्या जोडीतील गोंधळामुळे कर भरताना चुकीचे वर्ष निवडणारे लोक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या बदलाचे मोल कळेल.

अभ्यासाचे साहित्य विकत घेण्याची गरज नाही. सनदी लेखापालांच्या संस्थेचे, म्हणजे आयसीएआयचे, इंटरमीडिएट परीक्षेच्या करविषयक पेपरचे साहित्य संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. त्यातील आयकराचा भाग हा माझ्या मते या कामासाठी सर्वांत भक्कम पाया आहे. इंग्रजी जड वाटत असेल तर इग्नूचे ‘आयकर कायदा आणि व्यवहार’ या विषयाचे पदवी पातळीवरील पाठ आधी वाचावेत, ते ई-ज्ञानकोशावर आहेत. ‘स्वयम्’ या शासकीय व्यासपीठावरही कराचे अभ्यासक्रम येतात. कायद्याचा मूळ मजकूर आयकर खात्याच्या संकेतस्थळावर आहे, आणि व्हिडिओत ऐकलेले प्रत्येक विधान तिथे जाऊन एकदा तरी पडताळण्याची सवय पहिल्याच महिन्यात लावून घ्यावी.

वाचण्याचा क्रम पुढीलप्रमाणे असावा. प्रथम निवासी दर्जा, कारण भारतात किती दिवस राहिले यावरून कोणते उत्पन्न करपात्र ठरते ते ठरते. दुबई किंवा मस्कतला नोकरी करणाऱ्या रत्नागिरीकराचे विवरणपत्र इथेच बिघडते. त्यानंतर पगार, घरापासूनचे उत्पन्न, धंदा-व्यवसाय, भांडवली नफा आणि इतर मार्ग ही उत्पन्नाची पाच शीर्षे, मग वजावटी, आणि शेवटी कराचे दर. दर पाठ करण्यात वेळ घालवू नये, कारण दर फेब्रुवारीत ते बदलू शकतात. शीर्षे मात्र नीट समजली पाहिजेत. उदाहरणार्थ, निवृत्त शिक्षकाची पेन्शन पगाराच्या शीर्षाखाली येते आणि तिला प्रमाणित वजावट मिळते. त्याच शिक्षकाच्या पश्चात पत्नीला मिळणारी कुटुंब पेन्शन मात्र ‘इतर मार्ग’ या शीर्षाखाली जाते आणि तिच्या वजावटीचा नियमच वेगळा आहे. या दोन्हींनाही लोक बोलताना ‘पेन्शन’च म्हणतात.

भांडवली नफ्याला निदान तीन आठवडे द्यावेत. २३ जुलै २०२४ पासून दर बदलले: सूचिबद्ध शेअरच्या अल्पकालीन नफ्यावर २० टक्के, आणि दीर्घकालीन नफ्यावर वर्षाला १ लाख २५ हजारांच्या वरच्या भागावर १२.५ टक्के. त्या तारखेपूर्वी घेतलेली जमीन किंवा घर विकणाऱ्या निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांकाशिवाय १२.५ टक्के किंवा निर्देशांकासह २० टक्के यांपैकी कमी येणारा कर भरता येतो. वडिलोपार्जित भूखंड विकलेले पक्षकार जिल्ह्याच्या गावांत पुष्कळ येतात, आणि त्यांच्याकडे मूळ खरेदीखताऐवजी वारस नोंदीचा फेरफार तेवढा असतो. खरेदीची किंमत कोठून आणायची, १ एप्रिल २००१ चे मूल्य कधी धरायचे, हे प्रश्न व्हिडिओ पाहून सुटत नाहीत. त्यासाठी उदाहरणे स्वतः सोडवावी लागतात.

युटिलिटीवर सराव

ई-फायलिंग संकेतस्थळावरील डाउनलोड विभागात प्रत्येक फॉर्मची एक्सेल युटिलिटी, म्हणजे विवरणपत्र भरून तपासता येणारी एक्सेल फाइल, लॉगिन न करताही मिळते. ती उतरवून घ्यावी, मॅक्रो सुरू करावेत आणि काल्पनिक करदात्याची माहिती भरून तपासणीचे बटण दाबावे. चुका लाल अक्षरांत समोर येतात. शेवटी विवरणपत्राची जेसन फाइल तयार होते, सरावात ती कोठेही सादर करायची नसते. खात्याने दिलेली ही सरावाची जागा पूर्णपणे मोफत असूनही शिकणारे तिकडे फिरकत नाहीत, याचे मला नेहमी नवल वाटते.

सरावासाठी एक उदाहरण सविस्तर घेऊ. आर्थिक वर्ष २०२५-२६. सहासष्ट वर्षांचे निवृत्त मुख्याध्यापक. पेन्शन दरमहा ५७,००० म्हणजे वर्षाला ६,८४,०००. राष्ट्रीयीकृत बँकेतील मुदत ठेवींचे व्याज १,१२,०००. हे व्याज ज्येष्ठांसाठीच्या १ लाखाच्या मर्यादेपेक्षा जास्त असल्याने बँकेने १० टक्क्यांनी ११,२०० रुपये टीडीएस, म्हणजे रक्कम देतानाच कापायचा कर, कापला आहे. गावच्या पतसंस्थेतील ठेवीचे व्याज ४२,०००, तिथे कपात झालेली नाही. बचत खात्याचे व्याज ६,५००.

करदात्याला कमी दरांची पण मोजक्या वजावटींची नवी करप्रणाली किंवा जुनी प्रणाली निवडता येते. नव्या करप्रणालीत पेन्शनमधून प्रमाणित वजावटीचे ७५,००० वजा जाता ६,०९,००० उरतात. व्याज एकूण १,६०,५००. करपात्र उत्पन्न ७,६९,५००. पहिल्या ४ लाखांवर कर नाही, उरलेल्या ३,६९,५०० वर ५ टक्क्यांनी १८,४७५. उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्याने कलम ८७ए ची सूट हा सर्व कर शून्य करते, आणि ११,२०० रुपयांचा परतावा निघतो. जुन्या प्रणालीत ५०,००० ची प्रमाणित वजावट आणि ज्येष्ठांच्या व्याजावरील वजावटीच्या कलम ८०टीटीबीखाली आणखी ५०,००० धरूनही करपात्र उत्पन्न ७,४४,५०० राहते, आणि ४ टक्के उपकरासह कर ६१,२५६ रुपये होतो. अन्य वजावटी फारशा नसतील, तर कोणती प्रणाली निवडायची हा प्रश्नच उरत नाही.

या प्रकरणातली मेख दुसरीकडेच आहे. पतसंस्थेचे ४२,००० एआयएसमध्ये कदाचित दिसणारच नाहीत, आणि गुरुजीही ते आपणहून सांगणार नाहीत, कारण त्यांच्या मनात ‘टीडीएस कापला नाही म्हणजे कर नाही’ असा ठाम समज बसलेला असतो. ते विचारून काढावे लागतात.

आता याच प्रकरणात एक भर घालावी. कागद आवरून उठता उठता गुरुजी सांगतात की, मुलाने त्यांच्या डीमॅट खात्यातून काही शेअर विकले. नफा ६०,०००, सर्व अल्पकालीन. एवढ्या एका वाक्याने सगळे बदलते. आयटीआर-१ हा विवरणपत्राचा सर्वांत साधा फॉर्म चालत नाही, आयटीआर-२ घ्यावा लागतो. एकूण उत्पन्न ८,२९,५०० म्हणजे १२ लाखांच्या आतच असले, तरी विशेष दराने लागणाऱ्या करावर ८७ए ची सूट नव्या प्रणालीत मिळत नाही. म्हणून ६०,००० वर २० टक्के म्हणजे १२,००० आणि उपकर ४८०, मिळून १२,४८० रुपये कर उभा राहतो. टीडीएस ११,२०० वजा जाता परतावा तर राहत नाहीच, उलट १,२८० रुपये स्वयंनिर्धारण कर म्हणून भरावे लागतात. ज्येष्ठ नागरिकाला धंद्याचे उत्पन्न नसेल तर आगाऊ कर भरण्यापासून सूट असते, त्यामुळे आगाऊ कर न भरल्याचे व्याज येथे लागत नाही. हे एकच उदाहरण आधी हाताने आणि मग युटिलिटीत सोडवून दोन्ही उत्तरे जुळवली, तर पगार, व्याज, सूट, विशेष दर, फॉर्मची निवड आणि चलन एवढे विषय एका बैठकीत पक्के होतात.

अशी निदान पंचवीस प्रकरणे स्वतः रचून सोडवावीत. त्यांत कलम ४४एडीखाली अंदाजित नफा दाखवणारा किराणा दुकानदार असावा, म्हणजे डिजिटल जमेवर ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के हा हिशेब हाताखालून जाईल. ४४एडीएखाली ५० टक्के नफा दाखवणारा डॉक्टर असावा, आणि धंद्याचे उत्पन्न असताना जुनी प्रणाली निवडण्यासाठी फॉर्म १०-आयईए मुदतीत भरणारा व्यापारीही असावा. एक प्रकरण गोव्याचे जरूर घ्यावे. तिथल्या समान नागरी कायद्यातील सामाईक मालमत्तेच्या तत्त्वामुळे पगाराव्यतिरिक्तचे उत्पन्न पती-पत्नींमध्ये कलम ५ए नुसार निम्मे-निम्मे विभागले जाते, त्यासाठी विवरणपत्रात वेगळे परिशिष्ट असते आणि अशा व्यक्तीला आयटीआर-१ भरता येत नाही. सावंतवाडीत बसून काम करणाऱ्याकडे असा पक्षकार कधी ना कधी येतोच.

थकबाकीच्या पगाराचे एक प्रकरणही या यादीत असू द्यावे. माझ्या पहिल्याच हंगामात एका शिक्षिकेच्या वेतन थकबाकीवर कलम ८९ ची सवलत मी विवरणपत्रात बरोबर हिशेब करून लिहिली, पण त्याआधी सादर करावयाचा फॉर्म १०ई राहून गेला. काही आठवड्यांनी कलम १४३(१) ची, म्हणजे विवरणपत्र तपासून खाते पाठवते ती, सूचना आली, सवलत नाकारली गेली होती आणि बाईंच्या नावावर कराची मागणी उभी होती. हिशेब चुकला नव्हता, क्रम चुकला होता. तेव्हापासून माझ्या प्रत्येक फाइलच्या पहिल्या कागदावर ‘विवरणपत्राआधीचे फॉर्म’ असा एक रकाना असतो.

शुल्क देऊन शिकायचे असेल तर

वर सांगितलेला अभ्यास एकट्याने रेटणे सर्वांना जमत नाही, आणि शंका विचारायला कोणी असणे मोलाचे असते, हे खरे. कॉस्ट अकाउंटंटांच्या संस्थेचा करसंशोधन विभाग विवरणपत्रे भरण्यावर आणि टीडीएसवर प्रमाणपत्र अभ्यासक्रम ऑनलाइन चालवतो, आणि असा एखादा संस्थात्मक अभ्यासक्रम मी खासगी जाहिरातींच्या आधी पाहीन. खासगी वर्ग घ्यायचाच असेल तर त्याचा भांडवली नफ्यावरील नमुना पाठ मागावा. त्यात २३ जुलै २०२४ च्या बदलाचा उल्लेख नसेल, तर तो पाठ जुना आहे. शिक्षक पडद्यावर प्रत्यक्ष युटिलिटी उघडतो की केवळ सरकचित्रे वाचून दाखवतो, आणि सोडवलेली प्रकरणे कोणी तपासून परत देते का, या दोन गोष्टी विचाराव्यात. ‘शासनमान्य’ हा शब्द दिसल्यास कोणत्या कलमान्वये मान्य, असे लेखी विचारावे. महिना अमुक हजार कमाईची हमी देणाऱ्याकडे पुढचा प्रश्न विचारण्यातही वेळ दवडू नये.

पुण्या-मुंबईत अमेरिकी विवरणपत्रे तयार करून देणारी कार्यालये आहेत आणि त्यांच्यासाठी ‘एन्रोल्ड एजंट’ ही तीन भागांची अमेरिकी परीक्षा देणारे मराठी तरुणही वाढत आहेत. तो नोकरीचा चांगला मार्ग आहे, पण त्यातला अभ्यास सर्वस्वी निराळा असल्यामुळे दोन्ही एकदम सुरू करू नयेत.

पहिला हंगाम दुसऱ्याच्या हाताखाली

जानेवारीत अभ्यास सुरू केला तर १ फेब्रुवारीचा अर्थसंकल्प मध्येच येतो आणि काय बदलले ते ताजे कळते. मेपर्यंत सराव होतो. नोकरदारांना १५ जूनपर्यंत फॉर्म १६ मिळतो आणि कार्यालयांमधली गर्दी सुरू होते. या दिवसांत जवळच्या सनदी लेखापालाच्या किंवा कर सल्लागाराच्या कार्यालयात, मानधन किरकोळ असले तरी, बसावे. काम पाहताना पडद्यापेक्षा संभाषणाकडे लक्ष द्यावे. अनुभवी माणूस ‘व्याज आहे का?’ असे विचारीत नाही, तो ‘पासबुके किती आहेत?’ असे विचारतो. ‘घरभाडे मिळते का?’ असे न विचारता ‘वरच्या मजल्यावर कोण राहते?’ असे विचारतो. असे प्रश्न कोणत्याही अभ्यासक्रमात मिळत नाहीत, ते वहीत टिपून घ्यावेत.

स्वतःची पहिली विवरणपत्रे नात्यातील नोकरदारांची भरावीत आणि सादर करण्यापूर्वी कोणा जाणत्याकडून तपासून घ्यावीत. महाराष्ट्रातील पगारदाराचा वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर पगारातून कापलेला असतो. त्याची वजावट जुन्या प्रणालीतच मिळते, नव्या प्रणालीत नाही. अशा लहान गोष्टी इथेच अंगवळणी पडतात.

पाटी लावताना

वीसपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला महाराष्ट्रात गुमास्त्यासाठी ऑनलाइन सूचना देणे पुरते. स्वतःचा व्यवसाय कर भरण्यासाठी पीटीईसी नोंदणी करावी. पक्षकारांचे पासवर्ड वहीत लिहून ठेवण्याची रीत सर्वत्र दिसते, ती आपण तरी मोडावी. ओटीपी करदात्याच्याच मोबाइलवर यावा, नोंदणीत आपला क्रमांक आणि आपला ईमेल घालू नये. ते घातले की खात्याची नोटीस त्या माणसाला कधीच दिसत नाही, आणि तो सल्लागार बदलू लागला की भांडण होते.

परताव्याच्या टक्केवारीवर फी कधीही ठरवू नये. जुलै २०२५ मध्ये खात्याने खोट्या वजावटी दाखवून परतावे मिळवून देणाऱ्या मध्यस्थांवर देशभरात १५० ठिकाणी कारवाई केली, त्यात महाराष्ट्रही होता. अशा प्रकरणांत कर, व्याज आणि दंड करदात्याकडून वसूल होतो, दंड तर चुकवलेल्या कराच्या दुप्पटही असू शकतो. पक्षकार ‘शेजाऱ्याला तर चाळीस हजार परत मिळाले’ असे म्हणतो तेव्हा त्याच्याकडे पावती मागावी. पावती नाही तर वजावट नाही.

विवरणपत्र सादर झाल्यावर ३० दिवसांच्या आत ई-पडताळणी झाली नाही तर विवरणपत्र पडताळणीच्या दिवशीच भरले असे धरले जाते, आणि तो दिवस मुदतीनंतरचा असेल तर ५ लाखांवर उत्पन्न असलेल्याला ५,००० रुपये विलंब शुल्क लागू शकते. म्हणून हंगामात रोज संध्याकाळी कार्यालय बंद करण्यापूर्वी सादर झालेल्यांची यादी उघडावी, ज्यांची पडताळणी राहिली आहे त्यांना तिथूनच फोन लावावा, आणि पुढे कलम १४३(१) ची सूचना येईल तेव्हा तिच्यातील प्रत्येक आकडा आपल्या प्रतीशी ताडून त्या नावापुढे खूण करावी.